ट्रॅक्टरवर बसवला की अर्डुइनो नॅनो रीसेट होतो, एलसीडीवर कचरा येतो: नॉइज शिरतो कुठून?

मांजराकाठ

मंडळी, जुन्या ट्रॅक्टरसाठी तासमापक आणि अलार्मचा बोर्ड केलाय. टेबलावर ७ एएच बॅटरीवर चार-चार दिवस बिनतक्रार चालतो. ट्रॅक्टरवर बसवला की नुसता धिंगाणा.

आत काय आहे ते आधी सांगतो. अर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा क्लोन. १२ व्होल्ट चावीच्या लायनीवरून थेट व्हीआयएनला (नॅनोची वीज घेणारी पिन), तिथं एक १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बस्स. १६ बाय २ एलसीडी, मागं पीसीएफ८५७४ चा आयटूसी (दोन वायरींवरून डेटा नेणारा) बोर्ड, मधे ४० सेंटिमीटर रिबन वायर. ऑइल प्रेशरचा एका वायरचा स्विच, बॉडीला अर्थ होणारा, सरळ नॅनोच्या डी२ पिनला, आतला पुल-अप (पिन ५ व्होल्टकडं ओढून धरणारा रेझिस्टर) चालू करून. पाण्याच्या तापमानाचा वेगळा सेंडर १ के पुल-अपनं ए१ वर. हूटरला १२ व्होल्टचा रिले, बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर. बोर्डाचं अर्थ डॅशबोर्डच्या पत्र्याला स्क्रूनं.

आता त्रास. सेल्फ मारला की दहापैकी सात वेळा रीसेट होऊलालंय. हॉर्न दाबला की एलसीडीवर चिनी अक्षरं, पण हूटर बरोबर वाजतो. कधी कधी हॉर्ननंतर सगळंच गोठतं, चावी बंद-चालू केल्याशिवाय हलत नाही. ऑइलचा खोटा अलार्म फक्त सेल्फच्या वेळी येतो. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे काल चावी बंद करताना १२९.० तास होते, आज सकाळी ६५२९.० दाखवलं. त्याआधी साठवलेला आकडा १२४.३ होता. चावी बंद झाल्याचं ए० वर कळलं की मी तासांचा दहापट आकडा १६ बिटांत ईईप्रोमला (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहितो.

ऑसिलोस्कोप नाही, मल्टीमीटर आहे. काय करू?

डागमास्तर

भाऊ, सोपंय. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा मारा, तो दिसत नाही तुमच्या वर्णनात. व्हीआयएनला १०० च्या जागी १००० मायक्रोफॅरड आणि पी६केई१५ए टीव्हीएस (जादा व्होल्टेज अर्थकडं वळवणारा भाग). काम तमाम. जास्त डोकं लावायची गरज नाही.

वाळूज_टेस्टबेंच

रिलेचा डायोड बरोबर, तो आजच लावा. पण पी६केई१५ए अजिबात नको. त्याचा स्टँड-ऑफ (जिथपर्यंत तो गप्प बसतो) १२.८ व्होल्ट आहे आणि १४.३ पासून तो तुटायला, म्हणजे करंट वाहू द्यायला, लागू शकतो. अल्टरनेटर चार्जिंगला १४.४ देतो. म्हणजे ट्रॅक्टर चालू असेपर्यंत टीव्हीएस थोडा थोडा करंट खात तापत राहणार, आणि एक दिवस शॉर्ट होऊन फ्युज नेणार. त्यात बॅटरी उतरली की ट्रकच्या २४ व्होल्टवरून स्टार्टर मारायची आपल्याकडं सर्रास पद्धत. त्या दिवशी तर तो जाग्यावर जळेल. १२ व्होल्टच्या गाडीला टीव्हीएस २४ व्होल्टला गप्प बसणारा पाहिजे: १.५केई३३सीए. स्टँड-ऑफ २८.२, ब्रेकडाउन ३३ च्या आसपास. शेवटचं सीए महत्त्वाचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम करणारा. कारण खाली येतं.

गाडीच्या लायनीवर येतं काय, ते आकड्यांत बघा. आयएसओ ७६३७-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीला तपासणीचे पल्स दिलेत. एखादी कॉइल लायनीवरून सुटली की उणे ७५ ते उणे १५० व्होल्टचा साधारण २ मिलिसेकंदाचा झटका. स्विच-रिलेच्या ठिणग्यांचे अतिशय बारीक, मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाएवढे झटके, अधिक-उणे दोन्हीकडं शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत. आणि सगळ्यांचा बाप लोड डंप. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं तर फील्डचा करंट क्षणात कमी होत नाही, लायन ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत चढते आणि उतरायला ४० ते ४०० मिलिसेकंद घेते. ही चाचणी २०१० पासून आयएसओ १६७५०-२ मध्ये गेली. कागदावरची गोष्ट समजू नका. टर्मिनलला पांढरं-हिरवं धरलेलं, थिंबल ढिलं, हे दर दुसऱ्या ट्रॅक्टरवर दिसतं. शेजाऱ्याची बॅटरी लावून इंजिन चालू करायचं आणि चालू इंजिनवरच ती काढून न्यायची, म्हणजे लोड डंप हातानं करायचा.

तुमच्या क्लोनवर बहुतेक एएमएस१११७ रेग्युलेटर (५ व्होल्ट बनवणारा) असेल. त्याची इनपुटची कमाल मर्यादा १५ व्होल्ट. १४.४ वर तो कड्यावर उभा आहे.

आता व्हीआयएन विसरा. बाहेर ५ व्होल्ट बनवा आणि नॅनोच्या ५व्ही पिनला द्या. क्रम असा: चावीच्या स्विचच्या आउटपुट टर्मिनलवरून स्वतंत्र वायर, हॉर्नच्या जोडावरून नाही. लगेच १ अँपिअरचा फ्युज. बोर्डात शिरल्यावर २२ ओहम ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. त्यानंतर १.५केई३३सीए अर्थला. मग मालिकेत १एन४००७. मग २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, १०५ अंशांचा, शेजारी १०० नॅनोफॅरड. मग एलएम२९४०टी-५ रेग्युलेटर.

२२ ओहम का, तर तुमचा बोर्ड जेमतेम ६० मिलिअँपिअर घेतो, त्यावर १.३ व्होल्टच पडतात. पण १०१ व्होल्टच्या लोड डंपमध्ये हाच रेझिस्टर टीव्हीएसमधला करंट तीन अँपिअरच्या आसपास रोखतो. रेझिस्टर नसेल तर १५०० वॅटचा टीव्हीएससुद्धा टिकत नाही, कारण ते १५०० वॅट एका मिलिसेकंदासाठी असतात, ४०० साठी नव्हे. पाव वॅटचा कार्बन रेझिस्टर इथं फटाक्यासारखा फुटेल, म्हणून वायरवाउंडच. शिवाय २२ ओहम आणि २२०० मायक्रोफॅरड मिळून ३-४ हर्ट्झचा फिल्टर होतो. हॉर्नची काही शे हर्ट्झची कुरकुर त्यापुढं दमते.

टीव्हीएस एकाच बाजूचा घेतला आणि कुणी बॅटरी उलटी जोडली, तर तो साध्या डायोडसारखा सुरू होईल. २२ ओहममधून अर्धा अँपिअर वाहील, १ अँपिअरचा फ्युज उडणार नाही आणि रेझिस्टर साडेपाच वॅटनं भाजत बसेल. सीए असेल तर काहीच वाहत नाही.

डायोडच्या जागी कमी ड्रॉपच्या लोभानं १एन५८२२ शॉटकी घालू नका. तो ४० व्होल्टचा. उणे झटक्याच्या वेळी एका बाजूला टीव्हीएसचे उणे ३५, दुसऱ्या बाजूला कपॅसिटरचे अधिक १०-१२, म्हणजे त्याच्यावर ४५ च्या वर येतात.

मांजराकाठ

७८०५ चालणार नाही का? घरात दहा पडलेत. आणि एलएम२५९६ चं तयार मॉड्यूलही आहे.

वाळूज_टेस्टबेंच

सेल्फमुळं नाही चालत. हिशोब करा. बॅटरी १२.४, त्यातून रेझिस्टरचे १.३ आणि डायोडचे ०.८ गेले, कपॅसिटरवर १०.३ उरले. सेल्फ अडकलेला असताना पहिला खड्डा सगळ्यात खोल असतो, पण तो अल्पकाळ टिकतो. तेवढ्यात डायोड बंद होतो आणि बोर्ड एकट्या कपॅसिटरवर चालतो. एलएम२९४० ला ५.५ पुरतात, म्हणजे ४.८ व्होल्टची गंगाजळी: २२०० मायक्रोफॅरड गुणिले ४.८ भागिले ६० मिलिअँपिअर, साधारण १७५ मिलिसेकंद. इंजिन फिरायला लागलं की बॅटरी ९-१० वर येते, थकलेली असेल तर ८ वर. ८ मधून २.१ गेले तरी ५.९ उरतात, एलएम२९४० चालतो. ७८०५ ला ७ लागतात, तो तिथंच मान टाकतो. शिवाय त्याची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट, आपला टीव्हीएस धरतोच ३५-३६ ला.

एलएम२९४० ६० व्होल्टपर्यंतचा लोड डंप सोसतो. २६ च्या वर तो आउटपुट बंद करतो, म्हणजे त्या क्षणी रीसेट होईल, पण जळणार काही नाही. एक खोड आहे त्याची: आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड पाहिजे आणि त्याचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) ०.१ ते १ ओहममध्ये पाहिजे. नुसता सिरॅमिक लावला तर तो आंदोलनं घेतो आणि तुम्ही नॉइज बाहेर शोधत बसता. साधा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा.

एलएम२५९६ ४० व्होल्टचा आहे, तयार मॉड्यूलवरचा इनपुट कपॅसिटर कित्येकदा ३५ चा, छापील आकडा बघा. आणि ६० मिलिअँपिअरसाठी १५० किलोहर्ट्झचा आणखी एक नॉइजवाला घरात कशाला आणायचा?

रिलेची कॉइल मात्र २२०० च्या पुढं जोडू नका. ती टीव्हीएसच्या आधी, फ्युजनंतर. नाहीतर हूटर वाजला की गंगाजळी अर्धी.

काळीमाती

वरच्यानं लायनीचं सगळं नीट सांगितलंय. पण तुमच्या पाच तक्रारींतल्या तीन त्यानं जाणार नाहीत, कारण त्या लायनीतून येतच नाहीत.

खोटा ऑइल अलार्म घ्या. स्विचचं अर्थ आहे इंजिनच्या ब्लॉकला, तुमच्या बोर्डाचं डॅशबोर्डच्या पत्र्याला. मधे रंग, गंज आणि दोन-चार बोल्ट. सेल्फ ३०० अँपिअर घेतो असं धरा आणि परतीच्या वाटेत ५ मिलिओहम धरा. १.५ व्होल्टचा फरक झाला. तुमच्या डी२ ला पुरवठ्याच्या ०.३ पटीच्या आतला, म्हणजे बरोबर १.५ व्होल्टपर्यंतचाच व्होल्टेज नक्की लो म्हणून कळतो. त्याच्या वर तो हो म्हणेल की नाही याचा भरवसा नाही. कपॅसिटरची पोती ओतली तरी हे सुटत नाही.

म्हणून पहिलं काम, पत्र्याचा स्क्रू काढा. बोर्डाची उणे वायर, १ चौरस मिलिमीटरची, सरळ ब्लॉकवर न्या, जिथं तापमानाचा सेंडर बसलाय त्याच्या जवळच्या बोल्टला. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस. अधिक आणि उणे वायर एकमेकींना पिळून न्या, इंचाला एक पीळ पुरे. डबा धातूचा असेल तर तो पत्र्यापासून रबरानं वेगळा ठेवा, नाहीतर दुसरं अर्थ चोरवाटेनं जोडलं जातं. अर्थ एकच, एकाच जागी.

ऑइल स्विचला पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या उजेडानं सिग्नल पलीकडं नेणारा) लावा. १२ व्होल्टकडून (२२ ओहमच्या अलीकडून) २.२ के अर्धा वॅट, मग पीसी८१७ ची एलईडी, मग स्विचची वायर. स्विच मिटला की साधारण ६ मिलिअँपिअर वाहतात, संपर्क स्वच्छ राहायलाही ते बरे. एलईडीवर उलटा १एन४१४८ लावायला विसरू नका, ती उलट दिशेनं ६ व्होल्टच सोसते. पलीकडं ट्रान्झिस्टरला १० के पुल-अप ५ व्होल्टला आणि १०० नॅनोफॅरड अर्थला.

ए१ ला नॅनोच्या पिनपाशी १० के मालिकेत आणि १०० नॅनोफॅरड अर्थला. सेंडरची वायर चुकून १२ व्होल्टला लागली तरी पिनमध्ये मिलिअँपिअरच्या आतच जातं. पाच वाचनं घेऊन मधलं धरा, सरासरी नको. सरासरीत एक वेडा आकडा चार शहाण्यांना बिघडवतो.

आता चिनी अक्षरं. हूटर बरोबर वाजतो म्हणता, म्हणजे नॅनो जागा आहे, एलसीडी बिघडली. ती ४ बिटांवर चालते, एक अर्धा बाइट जरी जादा शिरला तरी पुढचं सगळं अर्ध्यानं सरकतं आणि पुन्हा इनिशिअलाइझ केल्याशिवाय जागेवर येत नाही. गोठणं हा त्याच रोगाचा मोठा भाऊ. आयटूसीच्या वायरवर झटका बसला की ‘वायर’ नावाची आयटूसीची प्रोग्रॅम-लायब्ररी ओळ मोकळी व्हायची वाट बघत कायमची अडकते. ४० सेंटिमीटरची रिबन वायर म्हणजे हॉर्नसाठी चांगली लांब अँटेना. ती १५ सेंटिमीटरच्या आत आणा. एसडीए आणि एससीएल (आयटूसीच्या दोन वायरी) शेजारी शेजारी न ठेवता दोघींच्या मधे अर्थची वायर घ्या. ४.७ के चे पुल-अप, एलसीडीच्या पायाशी १०० नॅनोफॅरड. लायब्ररी नवीन असेल तर तिच्यात टाइमआउट आहे, तो २५ मिलिसेकंदाला चालू करा. आणि दर ३० सेकंदांनी स्क्रीन न पुसता एलसीडी पुन्हा इनिशिअलाइझ करा.

हॉर्नच्या टर्मिनलवरच एक १.५केई३३सीए लावला तर झटका जन्मतो तिथंच मरतो. साधा डायोड लावू नका, करंट हळू उतरतो आणि हॉर्नचा आवाज बसू शकतो.

मांजराकाठ

डोक्यात प्रकाश पडायलाय. ६५२९.० चं काय मग? आणि बोर्ड बॅटरीलाच कायमचा जोडला तर चावी बंद होतानाची भानगडच मिटत नाही का?

वाळूज_टेस्टबेंच

कायमचा नको. ६० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दीड एएच. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहिला तर चाळीसच्या वर एएच गेले. मालक तुम्हालाच शोधत येईल.

६५२९.० हा आकडा स्वतःच बोलतोय. दहापट ६५२९०, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) एफएफ०ए. लिहायचे होते १२९०, म्हणजे ०५०ए. खालचा बाइट ०ए बरोबर उतरलाय. वरचा आधी ०४ होता, त्याचा ०५ व्हायचा होता, तो एफएफ राहिला. ईईप्रोमचा बाइट आधी पुसला जातो, पुसला की एफएफ होतो, मग लिहिला जातो. दोन्ही मिळून ३.४ मिलिसेकंद. पुसलं आणि लिहायच्या आत वीज गेली. दोन बाइटांना ७ मिलिसेकंद लागतात. तुमच्या १०० मायक्रोफॅरडवर फार तर ९-१० मिळतात, आणि मालिकेत डायोड नसल्यामुळं तेही मीटरचे दिवे आणि बाकीच्या कॉइल ओढून घेतात.

नव्या जोडणीत १७५ मिलिसेकंद मिळतील, पण ए० चं चावीचं वाचन डायोडच्या अलीकडून घ्यायला हवं, नाहीतर चावी गेल्याचं कळायलाच उशीर. तरी फक्त बंद होतानाच लिहिण्यावर विसंबू नका. दर सहा मिनिटांनी, म्हणजे तासाचा दहावा भाग बदलला की लिहा. एकाच जागी नाही, ३२ जागांच्या चक्रात, प्रत्येक जागी आकडा आणि त्याचा चेकसम (चूक पकडणारी बेरीज). सुरू होताना चेकसम जुळणारा सगळ्यात मोठा आकडा घ्या. अर्धवट लिहिलेला आपोआप बाद होतो, सहा मिनिटांपेक्षा जास्त नुकसान नाही.

आणि ब्राउन-आउट (पुरवठा ठरावीक व्होल्टेजखाली गेला की चिप रीसेट करणारी सोय). नॅनोवर तो बहुधा २.७ व्होल्टला लावलेला असतो. १६ मेगाहर्ट्झला एटीमेगा३२८पी ला ३.८ च्या आसपास लागतात. म्हणजे २.७ ते ३.८ च्या मधे चिप जागी असते पण शुद्धीवर नसते, आणि त्या अवस्थेत ती ईईप्रोममध्ये काहीही लिहू शकते. यूएसबीएएसपी प्रोग्रॅमरनं चिपमधली ‘एक्सटेंडेड फ्युज’ ही सेटिंग एफसी करा, ४.३ व्होल्ट होतो.

वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) २ सेकंदांचा लावा, पण शेवटी. आधी लावला तर तो रोग झाकतो. आणि नॅनोचा जुना बूटलोडर (सुरुवातीला चालणारा, प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) वॉचडॉगनं रीसेट झाला की पुन्हा पुन्हा रीसेटच होत राहतो, ऑप्टिबूट हा दुसरा बूटलोडर टाका नाहीतर बूटलोडरशिवाय सरळ प्रोग्रॅम चढवा. बूटलोडरशिवाय असलात तर आणखी एक फायदा: एमसीयूएसआर रजिस्टर सुरुवातीलाच वाचून ईईप्रोमला ठेवता येतं. ब्राउन-आउट, वॉचडॉग की बाहेरून रीसेट पिन, कारण कळतं. ऑसिलोस्कोप नसणाऱ्याला हीच दुर्बीण.

डागमास्तर

पी६केई१५ए चं मागं घेतो, स्टँड-ऑफ बघितला नव्हता. ☺

टेबलावर तपासायचा एक गावठी पण खणखणीत मार्ग सांगतो. १२ व्होल्टचा एक जादा रिले घ्या, त्याची कॉइल त्याच्याच एनसी (एरवी मिटलेल्या) संपर्कातून जोडा. ओढला की तुटतो, तुटला की जुळतो, नुसता किरकिरतो. डायोड लावायचा नाही, झटकेच पाहिजेत. तो बोर्डाच्याच बॅटरीवर चालवा. मग त्याची मीटरभर वायर सेंसरच्या आणि एलसीडीच्या वायरला टेपनं चिकटवून पुन्हा चालवा. पहिल्यात बिघडलं तर लायन, दुसऱ्यातच बिघडलं तर वायरी. दहा मिनिटं सोसलं तर हॉर्नची चिंता नाही.

काळीमाती

हा किरकिऱ्या रिले झकास. एक जपा, त्यावेळी यूएसबीनं लॅपटॉप जोडलेला नको. लॅपटॉपचं अर्थ आत आलं की निकालही खोटा आणि पोर्टही धोक्यात.

बसवताना २२०० चा कपॅसिटर उभा ठेवू नका. आडवा झोपवून टायनं बांधा, बुडाला सिलिकॉन. ट्रॅक्टरच्या थरथरीनं उभ्याचे पाय महिन्या-दोन महिन्यांत तुटतात, आणि तुटका कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसतो. ग्लू-गनचा गोंद इथं कामाचा नाही. मे महिन्यात बाहेर ४३ असलं की बोनेटखाली तो पाघळतो. नॅनो पिन-सॉकेटात नको, सरळ डाग मारा. वरून पीसीबीचं लॅकर, नाहीतर काळ्या मातीची धूळ आणि पहिल्या पावसाची ओल मिळून पिनांमधे गळती सुरू होते आणि ती हुबेहूब नॉइजसारखी दिसते.

ऊस वाहणारा ट्रॅक्टर असेल आणि त्यावर गाण्यांचा डेक, अँप्लिफायर, रंगीबेरंगी एलईडी माळा असतील, तर त्यांची उणे वायर तुमच्या बोल्टला कुणी जोडणार नाही हे बघा. वायरमनला मोकळा बोल्ट दिसला की तो जोडतोच. तुमच्या वायरवर लाल टेप गुंडाळा आणि मालकाला सांगून ठेवा.

ट्रॉलीला किंवा हुकाला वेल्डिंग करायचं झालं तर बोर्डाचे दोन्ही कनेक्टर ओढून काढायचे, बॅटरीचं उणे टर्मिनलही. नुसती चावी बंद करून भागत नाही, कारण अर्थ आणि सेंडरची वायर ब्लॉकला जोडलेलीच असते, आणि वेल्डिंगचा परतीचा करंट कुठून जाईल ते वेल्डरनं क्लँप कुठं लावला त्यावर ठरतं.